डबमध्ये तबला वाजवताना सम का हरवते? एशियन डब फाउंडेशनच्या निमित्ताने एक प्रश्न

डग्गाधारी (कोथरूड, पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी बारा वर्षे तबला शिकत आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही चौघांनी मिळून एक लहानसा बँड सुरू केला. एक मित्र बास गिटार वाजवतो, दुसरा लॅपटॉपवरून ड्रमचे ठोके आणि की-बोर्ड सांभाळतो, एक मैत्रीण सतार वाजवते आणि तबला माझ्याकडे आहे. या उद्योगाला लंडनचा एशियन डब फाउंडेशन हा बँड कारणीभूत आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचा 1998 सालचा 'राफीज रिव्हेंज' हा अल्बम बासवाल्या मित्राने आम्हाला ऐकवला आणि त्यानंतर आमच्यापैकी कोणालाही साधे 'फ्यूजन' ऐकवेना. त्यात ढोल, सतारीसारखी घासत जाणारी गिटार, 'जंगल' या जलद इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे धावते ठोके आणि पोटात घुमणारा बास हे सगळे एकाच घरातले वाटते. पाहुणा कोणीच वाटत नाही.

आमचे मात्र तसे होत नाही. तालमीच्या खोलीत जे बरे वाटते ते रंगमंचावर विस्कटते. मागच्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात आम्ही केहरवा या आठ मात्रांच्या तालावर बांधलेली एक रचना वाजवली. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांना आम्ही 'डब आहे, जरा इको लागेल' एवढेच सांगितले होते. त्यांनी तबल्याच्या सगळ्या आवाजावरच इको सोडला. दुसऱ्या आवर्तनापासून माझा प्रत्येक 'ना' तीन-तीनदा परत येऊ लागला, डग्ग्याची मींड बासच्या सुरात विरघळून चिखल झाला आणि पाचव्या-सहाव्या आवर्तनाला मला स्वतःलाच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडेना. मी पायाने ताल धरून कसाबसा शेवट गाठला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, परंतु घरी येऊन मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा कोणीतरी पत्र्यावर वाटाणे ओतत असावे, असे वाटले.

त्या गृहस्थांना दोष देऊन उपयोग नाही, कारण नेमके काय हवे आहे हे आम्हालाच सांगता आले नव्हते. म्हणून येथे विचारतो. डब म्हणजे तरी नेमके काय, आणि त्यात तबल्याने कोठे बसायचे? इकोमुळे लय हरवू नये म्हणून काय करतात? आणि एशियन डब फाउंडेशनसारख्या मंडळींना हे जमले, ते केवळ चांगल्या यंत्रसामग्रीमुळे की त्यांची वाटच वेगळी होती?

पूर्वीचा लंडनकर (ठाणे)

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याविषयी मला थोडे सांगता येईल. नोकरीनिमित्त 1998 ते 2006 ही वर्षे मी लंडनमध्ये होतो आणि या बँडचे कार्यक्रम उभ्याने, गर्दीत चेंगरून ऐकलेले आहेत.

यंत्रसामग्री हे त्यांच्या यशाचे कारण नव्हे. असलेच तर ती यंत्रे त्यांच्या हाती कशी आली हे कारण म्हणता येईल. लंडनच्या फॅरिंगडन भागात 'कम्युनिटी म्युझिक' नावाची संस्था होती. ज्यांना संगीतशिक्षणाची फी परवडत नाही, अशा मुलांना तेथे वाद्ये आणि ध्वनियंत्रे हाताळायला मिळत. 1993 साली तेथे आशियाई मुलांसाठी संगीततंत्राच्या कार्यशाळा भरल्या. अनिरुद्ध दास तेथे शिकवत होते आणि बास वाजवत होते; वंशभेदविरोधी चळवळीत काम करणारे जॉन पंडित रेकॉर्डच्या तबकड्या फिरवत होते; आणि दीदार झमान हा जेमतेम पंधरा वर्षांचा बंगाली मुलगा तेथे विद्यार्थी म्हणून येत होता. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून आधी एक साउंड सिस्टिम (मोठे ध्वनिवर्धक लावून तबकड्या वाजवणारा फिरता संच) उभारली, ती वंशभेदविरोधी सभांमध्ये वाजवली, आणि मग चंद्रासॉनिक या नावाने ओळखले जाणारे गिटारवादक येऊन मिळाल्यावर तिचा बँड झाला. म्हणजे आपल्याकडे जसा 'पूर्व आणि पश्चिम यांचा संगम' म्हणून एक सतारिया आणि एक सॅक्सोफोनवाला रंगमंचावर शेजारीशेजारी बसवतात, तसा हा प्रकार मुळातच नव्हता. त्या मुलांच्या घरात आईवडिलांची हिंदी किंवा बंगाली गाणी होती आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून जमैकन रेगे येत होता. त्यांना काहीही एकत्र आणावे लागले नाही. ते आधीच एकत्र होते.

त्या काळाचीही थोडी कल्पना हवी. 1993 च्या सप्टेंबरमध्ये पूर्व लंडनच्या आइल ऑफ डॉग्ज भागातून उघडउघड वंशद्वेषी असलेल्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार नगरपरिषदेवर निवडून आला होता. त्याच टॉवर हॅम्लेट्स विभागात ब्रिक लेन आहे, जेथे बंगाली वस्ती दाट आहे. या बँडच्या गाण्यांमधला राग तेथून येतो. 1998 साली 'राफीज रिव्हेंज'ला मर्क्युरी या ब्रिटनमधील अल्बमसाठीच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले, प्रसिद्धी आली, तरी त्याच वर्षी त्यांनी तरुणांना संगीततंत्र शिकवणारी स्वतःची शाखा काढली. आणि 2002 मध्ये जॉन पंडित यांना ब्रिटिश सरकारने एमबीई हा किताब देऊ केला तेव्हा त्यांनी तो नाकारला. मी हे त्यांचे कौतुक करण्यासाठी सांगत नाही, किंवा थोडेसे त्यासाठीही सांगत असेन. परंतु त्यांच्या संगीतात ढोल किंवा तबला हा 'भारतीयपणाचा शिक्का' म्हणून का येत नाही, याचे उत्तर मला येथेच दिसते.

आता आपण ज्या 'सतारीसारखी घासत जाणाऱ्या' गिटारविषयी लिहिले आहे, तिची गंमत सांगतो. चंद्रासॉनिक गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावतात, त्यावर भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) चढवतात आणि प्रसंगी तारांवर चक्क सुरी चालवतात. आपल्या एकतारीचे किंवा तंबोऱ्याचे तत्त्व त्यांनी विजेच्या गिटारवर आणले, असे म्हणता येईल. सतार आणून ठेवण्यापेक्षा हे मला अधिक अस्सल वाटते. आपल्या बँडमधील सतारवादक ताईंनी कृपया राग मानू नये.

आणखी एक आठवण. 2001 साली लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांनी 'ला एन' या फ्रेंच चित्रपटाला प्रत्यक्ष समोर बसून संगीत दिले. पडद्यावर संवाद चालू असताना बास इतका खाली उतरत असे की तो ऐकू येण्याऐवजी खुर्चीच्या पाठीतून जाणवत असे, आणि मधूनच तो पूर्ण थांबे. तो थांबला की सगळे सभागृह श्वास रोखून बसे. डब म्हणजे काय, हे मला त्या थांबण्यातून कळले.

त्याआधी, नव्वदच्या दशकात लंडनमध्ये इतरही पुष्कळ काही चालू होते. तबलावादक तलविन सिंग हे हॉक्स्टनच्या ब्लू नोट क्लबमध्ये दर सोमवारी 'अनोखा' नावाची मैफल भरवत असत आणि 1999 मध्ये त्यांच्या 'ओके' या अल्बमला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. जॉय, स्टेट ऑफ बेंगॉल हीसुद्धा त्याच फळीतली नावे. तबल्याच्या दृष्टीने आपल्याला तलविन सिंगच अधिक जवळचे वाटतील. बाकी तांत्रिक गोष्टी जाणकारांनी सांगाव्यात. मी श्रोता आहे.

ठाय लय (सांगली)

क्षमा असावी, परंतु बारा वर्षे शिकल्यानंतर तबल्याचा आवाज यंत्राच्या स्वाधीन कशासाठी करायचा, हे मला कळत नाही. बोलाची शुद्धता, दाब-घास, डग्ग्याचा घुमारा हे मिळवण्यासाठी माणूस मनगट झिजवतो आणि मग कोणीतरी बटण फिरवून त्याचा 'चिखल' करतो. चूक ध्वनिव्यवस्थेची नाही, जोडीच विजोड आहे. ढोल घ्या, ढोलकी घ्या, हलगी घ्या. त्यांचा आवाज मोकळ्यावर वाजण्यासाठीच घडलेला आहे. तबल्याला सोडा.

मिक्सरमागचा (दादर, मुंबई)

ठाय लय यांचे म्हणणे मी पूर्ण खोडून काढणार नाही, कारण मोठ्या आवाजात तबला खरोखरच नाजूक पडतो. परंतु जोडी विजोड आहे असे मला वाटत नाही. माझा व्यवसाय ध्वनिमिश्रणाचा आहे, तबलाही काही वर्षे शिकलो आहे (हात बेताचाच), आणि या दोन्हींच्या सांध्यावर जे कळले ते लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

प्रथम डब म्हणजे काय ते पाहू. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात जमैकाच्या किंग्स्टनमध्ये रेगे गाण्याच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याची गायनाविना प्रत छापू लागले. तिला 'व्हर्जन' म्हणत. किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेले ऑस्बर्न रडॉक हे मुळात विजेची उपकरणे दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी चार ट्रॅकच्या मिक्सरवर बसून या प्रतींमधून एकेक वाद्य काढून घ्यायला, मधूनच आत सोडायला आणि आत सोडताना त्याच्या शेपटीला इको लावायला सुरुवात केली. डबमध्ये मिक्सर हेच वाद्य असते आणि त्याचे मुख्य काम घालण्याचे नसून काढण्याचे असते. आपल्या कार्यक्रमात झाले ते नेमके उलटे, कारण तेथे सगळे काही सतत चालू होते आणि वर इकोही सतत चालू होता.

आता तबलजीला समजेल अशी उपमा देतो. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तोच तो, न कंटाळता, आवर्तन दाखवत. आणि त्याच्या भरवशावर तबलजी वाटेल तेथे फिरून समेवर येतो. डबमध्ये हा लेहरा बास गिटार वाजवते. ज्या क्षणी तुम्ही बासला 'खालचे भरीव काहीतरी' न समजता लेहरा समजाल, त्या क्षणी अर्धी अडचण सुटते. बासवाल्या मित्राने दोन किंवा चार मापांची एकच ओळ दहा मिनिटे जराही न बदलता वाजवायला हवी. तरुण बासवाल्यांना हे फार जड जाते, कारण त्यांना मधेमधे हात दाखवायचे असतात. त्यांना एकदा तासभर लेहऱ्याला बसवा.

दुसरी गोष्ट समेची. रेगेमध्ये 'वन ड्रॉप' नावाचा ठेका असतो. चार मात्रांचे एक माप धरले, तर त्यात ड्रमचा जड ठोका पहिल्या मात्रेवर पडत नाही, तिसऱ्यावर पडतो. पहिली मात्रा मोकळी सोडलेली असते. आता केहरवा त्याच्यावर ठेवून पाहा. 'धा गे ना ती । ना क धी ना', एका ठोक्यात दोन मात्रा. आपली सम आणि तिच्यावरचा भरीव 'धा' डबने मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या जागेवर पडतो, आणि आपला काल (खाली), जेथे डग्गा बंद असतो, तेथे त्यांचा सर्वांत जड ठोका येतो. आपली सम ती त्यांची पोकळी, आणि आपली खाली ती त्यांची भरी. म्हणजे तुमची सम हरवली यात तुमच्या रियाजाचा दोष नाही. कान जड ठोक्याला सम मानतो, आणि तो ठोका तुमच्या कालावर होता.

यावर दोन उपाय मी वापरलेले आहेत. एक म्हणजे समेवर 'धा' न वाजवता 'ता' वाजवायचा, डग्ग्याला पहिल्या दोन मात्रांत हातच लावायचा नाही आणि ती पोकळी तशीच राहू द्यायची. कालावर ड्रम आहेच, तेथे फक्त चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) 'ना' पुरतो. सुरुवातीला हात अडखळतो, कारण हा जवळजवळ उलटा केहरवा होतो, पण दोन-तीन तालमींत बसतो. दुसरा उपाय सोपा आहे: वन ड्रॉप सोडून 'स्टेपर्स' घ्यायचा, ज्यात चारही मात्रांवर जड ठोका असतो. तेथे सम ठरवण्याचा अधिकार बासच्या ओळीकडे जातो आणि तबला मोकळा होतो. एशियन डब फाउंडेशन पुष्कळदा तिसऱ्याच वाटेने जातात. वर जंगलचे तुटक ठोके मिनिटाला 160 च्या पुढे धावत असतात आणि खाली बास त्याच्या निम्म्या चालीत चालतो. विलंबितात बंदिश आणि दुगुनीत तबला ऐकलेल्या माणसाला यात अवघड काहीच नाही.

आता इको. तबल्याच्या सगळ्या आवाजाला इको कधीही लावू नये. मिक्सरवर ज्याला 'सेंड' म्हणतात, त्यातून हवा तो एकच बोल इकोकडे पाठवायचा आणि लगेच हात मागे घ्यायचा. हे काम तालमीला आलेल्याच माणसाने करावे. तो तुमचा पाचवा वादक आहे, असे समजा. इकोचा अवधी लयीशी मोजून लावावा लागतो. मिनिटाला 140 मात्रांची लय असेल, तर एक मात्रा सुमारे 429 मिलिसेकंदांची होते. पाऊण मात्रेचा इको लावायचा तर 321 आणि दीड मात्रेचा तर 643. पाऊण मात्रेच्या इकोत तीन मात्रांच्या जागेत चार आघात पडतात, म्हणजे तुम्ही सरळ लयीत एक 'ना' वाजवला तरी यंत्र तिनात चार घेऊन चालते. लयकारी शिकलेल्या माणसाने यंत्राला भिण्याचे कारण नाही, यंत्र आपलेच गणित करत असते.

आणि एक प्रयोग सांगतो, जो मला फार आवडतो. सोळा मात्रांचे आवर्तन घ्या. इकोचा अवधी बरोबर तीन मात्रांचा ठेवा, म्हणजे 140 च्या लयीत सुमारे 1286 मिलिसेकंद. आता नवव्या मात्रेपासून तीन मात्रांचा एक तुकडा वाजवा, ज्याचा शेवटचा 'धा' अकराव्या मात्रेवर येईल, आणि हात उचलून मांडीवर ठेवा. इको तोच तुकडा बाराव्या मात्रेपासून म्हणेल, त्याचा 'धा' चौदाव्यावर येईल. पुन्हा पंधराव्यापासून म्हणेल आणि तिसरा 'धा' समेवर पडेल. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे) झाली, आणि तुम्ही तिच्यातला एकच पल्ला वाजवलात. एकच अडचण आहे: इको प्रत्येक वेळी क्षीण होत जातो आणि तिहाई समेकडे चढत गेली पाहिजे. म्हणून मिक्सरवरच्या माणसाने फीडबॅकची (इको किती जोराने परत यावा हे ठरवणारी) कळ बोटात धरून ठेवायची, दुसऱ्या पल्ल्यापासून ती हलके वाढवायची, आणि समेचा 'धा' वाजताक्षणी शून्यावर आणायची. क्षणभर उशीर झाला तर तो आवाज स्वतःलाच खाऊन किंचाळू लागतो. मी एकदा एवढा उशीर केला आहे. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानावर ठेवलेला हात शेवटपर्यंत काढला नाही.

राहिला डग्ग्याचा चिखल. बासचे आणि डग्ग्याचे क्षेत्र एकच आहे, तेव्हा दोघांपैकी एकाने सरकायला हवे आणि डबमध्ये सरकायचे ते डग्ग्याने. डग्ग्याच्या माइकवर साधारण 100 हर्ट्झच्या खालचे कापून टाका. घुमारा थोडा हलका वाटेल, पण मींडेची हालचाल त्याच्या वरच्या भागात स्पष्ट ऐकू येते आणि बासला जागा मिळते. जेथे बास मिक्सरवरून काढून घेतला जातो, त्या चार-आठ मात्रांपुरता हा काप उठवला, तर डग्गा एकदम सगळी खोली भरून टाकतो. ठाय लय यांना तो घुमारा तेव्हा नक्की ऐकू येईल.

डग्गाधारी (प्रश्नकर्ता)

मिक्सरमागचा, आपले उत्तर मी तीनदा वाचले आणि रात्री साडेअकराला शेजाऱ्यांची क्षमा मनातल्या मनात मागून तीन मात्रांच्या इकोची तिहाई करून पाहिली. लॅपटॉपवर कळ फिरवायला धाकट्या बहिणीला बसवले होते. चौथ्या प्रयत्नात 'धा' समेवर पडला तेव्हा तिनेच 'वा' म्हटले, जी एरवी माझा रियाज चालू असताना दार लावून घेते.

केहरव्याच्या खालीचे वाचून मात्र मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. हे इतके उघड असताना दीड वर्षात आम्हा चौघांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये! एक पोटप्रश्न: आमचा तबला आणि सतार काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेली असते आणि रचना मालकंसावर आहे. की-बोर्डवाला मित्र रेगेच्या पद्धतीने उलट्या ठोक्यावर कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन स्वर) तोडून वाजवतो. तेथेही काहीतरी खटकते, पण काय ते नेमके सांगता येत नाही.

खर्जाची तार (बडोदे)

मी सतार वाजवते, आणि पूर्वीच्या लंडनकरांचा राग मुळीच आलेला नाही. सुरी चालवण्याइतके धाडस माझ्याकडे नाही एवढेच.

काय खटकते ते मी सांगते: पंचम खटकतो. मालकंसात सा, कोमल ग, मध्यम, कोमल ध आणि कोमल नी एवढेच स्वर. रेगेचा की-बोर्ड मायनर कॉर्ड तोडतो तेव्हा तो सा, कोमल ग आणि पंचम हे तिन्ही एकदम वाजवतो. दर मापात दोनदा तुमचा मित्र मालकंसात पंचम टाकत आहे आणि सतार बिचारी तो टाळत आहे. एक तर कॉर्डमधला पंचम काढून सा आणि ग एवढेच ठेवायला सांगा किंवा राग बदला. धानी घेतला तर सा, कोमल ग, मध्यम, पंचम, कोमल नी असे स्वर मिळतात आणि पहिला कॉर्ड अगदी सुखाने बसतो. मात्र रेगेत पुष्कळदा दुसरा कॉर्ड कोमल निषादावर बांधलेला असतो आणि त्यात शुद्ध रिषभ येतो, जो धानीत नाही. तो हवाच असेल, तर भीमपलासीकडे जावे लागेल, आणि भीमपलासीला तिची चाल आहे, अवरोहात रे आणि ध येतात, आरोहात नाहीत. कॉर्डला हे शिष्टाचार कळत नाहीत. माझे मत विचाराल, तर दुसरा कॉर्डच नको. एकाच सुरावर दहा मिनिटे थांबण्याची सवय आपल्याला तंबोऱ्याने लावलेली आहे आणि डबला तीच हवी असते. फ्यूजनच्या बऱ्याच प्रयोगांत राग मोडतो तो या दुसऱ्या-तिसऱ्या कॉर्डपाशी, कारण बास 'सा' सोडून हलला की श्रोत्याचा 'सा' हलतो आणि मग सतारीवर कितीही सुरेल वाजवले तरी ते परके ऐकू येते.

दुसरे म्हणजे काळी एक सोडा. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार पांढरी तीनची असते, सुमारे 41 हर्ट्झ. काळी एकचा 'सा' तिला त्या तारेवर मिळतच नाही, तो थेट वर 69 हर्ट्झला सापडतो, म्हणजे डग्ग्याच्या अंगणात. पांढरी दोन घ्या. बासवाल्याने खालची तार एक पूर्ण स्वर उतरवली की त्याचा 'सा' सुमारे 37 हर्ट्झवर, सुट्या तारेवर मिळतो; सतार पांढरी दोनला आनंदाने चढते आणि लहान तोंडाचा तबलाही. एवढ्या एका बदलाने निम्मा चिखल बसेल, कात्री न लावता.

आणि सतारीलाही सरसकट इको नको. जवारीमुळे (घोडीवर तार घासून निघणाऱ्या झंकारामुळे) तिच्या प्रत्येक आघातात इतके उपस्वर असतात की इकोत त्यांची गर्दी होते. मी अशा वादनात तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) चक्क कापडाच्या पट्टीने झाकते. गुरुजींना अजून सांगितलेले नाही.

ठाय लय (सांगली)

तरफा झाकता? असो. तिहाईचा तो प्रकार मात्र मी वहीवर मांडून पाहिला. हिशेब बरोबर आहे. पण पल्ला तीन मात्रांचाच का? साडेतीनचा घेऊन, साडेसातव्यावर उठवून दाखवा, मग बोलू.

मिक्सरमागचा (दादर, मुंबई)

ठाय लय, 140 च्या लयीत साडेतीन मात्रा म्हणजे 1500 मिलिसेकंद, यंत्राला अगदी सोयीचा आकडा. पहिला 'धा' दहाव्या मात्रेवर, दुसरा साडेतेराव्यावर, तिसरा समेवर. उठणे साडेसातव्यावर, हे आपले बरोबरच आहे. वाजवणारा हात मात्र आपल्यासारखा हवा, माझा नव्हे.

डग्गाधारी (प्रश्नकर्ता)

काल तालीम झाली. सतार आणि तबला पांढरी दोनला लावला. सततच्या पावसाळी हवेमुळे पुडी उतरत होती, त्यामुळे दर वीस मिनिटांनी हातोडी घ्यावी लागली. बासवाल्याला एकच ओळ दिली आणि मिक्सरवर बहिणीला बसवले. की-बोर्डवरचा पंचम काढल्यावर सतारवाल्या मैत्रिणीने वाजवता वाजवता मान वर करून पाहिले, आणि कोणी काही बोलले नाही तरी तेवढ्यात सगळ्यांना कळले. समेवर 'ता' वाजवणे अजून जड जाते. हात सवयीने डग्ग्याकडे जातो, म्हणून पहिली पंधरा मिनिटे मी डग्गा चुंबळीसकट मागे सरकवून ठेवला होता.

साडेतीन मात्रांची तिहाई तीन वेळा चुकली. पुढच्या रविवारी पुन्हा बसत आहोत. ठाय लय पुण्यात येणार असतील तर कळवावे.